उंगातची टोपली

३ एप्रिल, रविवार

ही वही मायांगने दिली. "आई, कोण पाहुणे आले, काय आवडीने खाल्लं, कशाला नाक मुरडलं, सगळं लिहीत जा," म्हणाली. माझी लेक कुचिंगला मोबाइलच्या दुकानात नोकरी करते आणि तिथे बसून आमचं लांबघर चालवते. पाहुणे तीच शोधते आणि फ्रांकीच्या होडीतून इकडे पाठवते. मी रांधायचं, वाढायचं आणि फोटोत हसायचं.

एका छपराखाली, एका ओसरीवर अठरा कुटुंबांची अठरा दारं, त्यातल्या आठ दारांना आता कुलपं. म्हणून बायका म्हणाल्या, येऊ देत पाहुणे, ओसरीवर माणसांचा आवाज तरी होईल.

आज एम्पाली यादी घेऊन बसला होता. तो आमच्या घराचा प्रमुख, माझा चुलतभाऊ. मेलेल्यांचा सण या वर्षाच्या शेवटी करायचा ठरलंय. याआधीचा पंचवीस वर्षांपूर्वी झाला. तेव्हापासून जेवढे गेले त्या प्रत्येकाच्या नावाने एक टोपली विणायची, थडग्यावर लहानसं घर ठेवायचं, सगळ्यांना एकदा पोटभर खाऊ-पिऊ घालायचं आणि कायमचं पाठवायचं. सव्वीस नावं झाली. मग एम्पालीचं पेन थांबलं.

"आणि उंगात?"

"त्याचं काय?"

"त्याची टोपली विणायची की नाही? महिनाअखेरीला सांग. वेत किती आणायचा ते ठरवायचंय."

उंगात माझा नवरा. मागच्या सणाच्या पुढच्याच वर्षी सबाला गेला, तवाऊच्या बाजूला, लाकूडतोडीच्या कामावर. आमचे पुरुष तरुणपणी परमुलखात जातातच. जातात आणि रांजण, घड्याळं, गोष्टी घेऊन परत येतात. पहिल्या वर्षी त्याची दोन पत्रं आली. दुसऱ्या वर्षी मायांगला फ्रॉक आला, तो तिला आखूड झाला. पुढे काही नाही. एकाने येऊन सांगितलं, ओंडक्याखाली गेला. दुसऱ्याने सांगितलं, तवाऊच्या मासळीबाजारात पाहिला. मी दोघांनाही जेवू घातलं.

जिवंत माणसाची टोपली विणली तर तो मरतो, असं इथे मानतात. मेलेल्याची विणली नाही तर तो बेघर हिंडतो. एम्पालीला म्हटलं, बघू.

५ एप्रिल, मंगळवार

लिहू की नको, कळत नाही. मायांगने वाचलं तर मला उचलून कुचिंगच्या डॉक्टरकडे नेईल.

मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून भर दुपारी ओसरीवर कोणीतरी चालतं. सगळे उन्हाने आडवे झालेले असतात त्या वेळी. माझ्या दारापासून थेट टोकाच्या दारापर्यंत, आणि परत. अनवाणी. टाच जड टाकतं. माझ्या दाराशी आलं की थोडं थांबतं. मी दार उघडते तर ओसरी मोकळी. जेनाऊ म्हातारी आपल्या दाराशी डुलक्या काढत असते आणि कुत्रं पडलेलं असतं, तेवढंच.

आज धीर करून जेनाऊला विचारलं, "म्हातारे, तुला काही ऐकू येतं का ग दुपारचं?"

ती म्हणाली, "मला ढग गडगडलेले ऐकू येत नाहीत, आणि तू मला पावलं विचारतेस? त्या कुत्र्याला विचार. रोज या वेळी उठतं आणि बाजूला सरकून बसतं. कोणाला वाट देतं देव जाणे."

मी तिला पावलांचं काही बोलले नव्हते. फक्त 'काही' म्हटलं होतं.

९ एप्रिल, शनिवार

पाहुणे येऊन गेले. थकले आहे, पण मायांगसाठी सगळं लिहिते.

असं ऊन मी या नदीवर पाहिलेलं नाही. तीन आठवडे थेंब नाही. पाणी घोट्याला लागलं, फ्रांकीला अर्धी वाट होडी ढकलत आणावी लागली. पाच जण होते. हॉलंडचं एक म्हातारं जोडपं, क्वालालंपूरच्या दोन मास्तरणी, आणि एकटीच आलेली एक मुलगी, विशीची. फ्रांकी म्हणाला, "ही सबाची. नोएला." सबा मोठं आहे.

आमची शिडी म्हणजे खाचा पाडलेला ओंडका. हॉलंडचे आजोबा चार पायांवर चढले. मास्तरणी एकमेकींना धरून हसत चढल्या. ती मुलगी पावलं आडवी टाकत, हात न लावता वर आली. फ्रांकी म्हणाला, "वा, सर्कशीत होतीस का?" ती लाजली.

मिरीचा मळा दाखवला, तिथे कोणाचं मन लागलं नाही. धबधब्यापर्यंत तंगडतोड केली तर तिथे नुसते दगड. मास्तरणींनी त्या दगडांचेही फोटो काढले. परत आल्यावर आजोबांनी ओसरीवर टांगलेल्या, पणजोबांच्या काळी लढाईत आणलेल्या कवट्यांकडे बोट दाखवलं आणि विचारलं, ही माणसं कोण होती?

"उशिरा आलेले पाहुणे," फ्रांकी म्हणाला.

"आणि एवढ्या उन्हात त्यांच्याखाली जाळ कशाला?"

"त्यांना थंडी वाजते."

सगळे हसले. नोएला नाही हसली. जाळातलं एक लाकूड बाहेर सरकलं होतं, ते तिने पायाने आत ढकललं. कोणी सांगितलं नव्हतं.

जेवण: बांबूत शिजवलेली कोंबडी (आवडली), नेच्याचे कोंब (आवडले), सुकी मासळी (मास्तरणींनी नाक मुरडलं). तांदळाची दारू फिरवली तेव्हा नोएला नको म्हणाली. पण नको म्हणताना तिने बोट पेल्याच्या कडेला लावलं आणि मग आपल्या गळ्याला. आमच्याकडे लहान पोरंही असंच करतात. पुढे आलेलं अन्न नाकारायचं तर शिवावं तरी, नाहीतर वाटेत घात होतो.

"हे कोणी शिकवलं तुला?"

"बाबांनी," ती म्हणाली. मी पुन्हा वाढायला लागले तर "पुरे" म्हणाली. बाकी सगळं ती मलय भाषेत बोलत होती. तो एकच शब्द आमच्या बोलीतला होता, तोही आमच्याच वरच्या काठच्या हेलाने. तेवढ्यात हॉलंडच्या आजींना भोवळ आली आणि मी पाणी आणायला धावले.

मी आल्यागेल्या प्रत्येकाला आधी विचारते, कोणाचं ग लेकरू तू. तिला विचारायचं राहिलं. ऊन फार होतं.

जेवणानंतर सगळे चटयांवर आडवे झाले. आणि पावलं आली. मी भिंतीला टेकून बसले होते, जागी होते. पावलं चटयांवरच्या माणसांच्या मधून चालत गेली. कुत्रं सरकलं. माझ्या दाराशी थांबली. फ्रांकी घोरत होता. नोएला डोळे मिटूनच अर्धी उठली आणि म्हणाली, "बाबा, बसा ना आता."

मग परत झोपली. अंगाला हात लावला तर तवा. ऊन लागलं होतं तिला. निघायच्या वेळी तिला उभं राहवेना, म्हणून ठेवून घेतली. फ्रांकी मंगळवारी खत घेऊन येणार आहे, तेव्हा नेईल.

१० एप्रिल, रविवार

ताप उतरतोय. ओल्या फडक्याने पुसून काढते आहे. भाताची पेज दोनदा घेतली. मला मावशी म्हणते.

माझ्या खोलीत भिंतीवर एकच फोटो आहे, उंगात मायांगला खांद्यावर घेऊन उभा आहे तो. पडल्या पडल्या ती बराच वेळ त्याच्याकडे बघत होती.

"मावशी, ही लहान मुलगी कोण?"

"माझी लेक. मायांग."

"मायांग," ती हळूच म्हणाली. थोड्या वेळाने विचारलं, "तिचा स्वभाव कसा आहे?"

म्हटलं, "हुकूम सोडायचा. बोलायला लागली तेव्हापासून."

ती हसली. फोटोतल्या पुरुषाबद्दल तिने काही विचारलं नाही. बरं झालं. पाहुण्यांना घरातलं सगळं सांगत बसायचं नसतं.

तिच्या पिशवीत फडक्यात बांधलेला बिस्किटांचा डबा आहे. झोपेतही त्यावर हात असतो. पोरी आजकाल काय काय घेऊन फिरतात.

११ एप्रिल, सोमवार

सकाळी ती हिंडूफिरू लागली. मी भात निवडत होते. उन्हं वर आल्यावर जेनाऊ काठी आपटत माझ्या दारात आली.

"तुझी पाहुणी मला मसणवट्याचा रस्ता विचारत होती. तेही दाखवायच्या गोष्टींत घातलंय का तुझ्या लेकीने?"

"मग काय सांगितलंस?"

"सांगितला. पोरीच्या डोळ्यांकडे बघून नाही म्हणवेना. लांजाचं थडगं कुठे म्हणून विचारलं तिने."

लांजा माझी सासू. मरून एकोणीस वर्षं झाली. बाहेरच्या कोणाला ते नाव माहीत असायचं कारण नाही.

मी निघाले. पाण्याची बाटली घेतली, एवढ्या उन्हात पोरगी पुन्हा पडायची म्हणून. मसणवटा पलीकडच्या काठाला आहे. नदी इतकी आटलीय की होड्या लागतात त्याच्या वरच्या अंगाला दगडांवरून कोरड्या पायांनी गेले. तिथे कारणाशिवाय कोणी जात नाही. झाडं तोडायची नाहीत असा नियम, त्यामुळे भर दुपारीही आत अंधारल्यासारखं. एक पान हलत नव्हतं, एक किडा ओरडत नव्हता.

ती सासूच्या थडग्याशी गुडघ्यावर बसली होती. हात मातीने भरलेले. डबा बाजूला, उघडा, रिकामा. काहीतरी पुटपुटत होती. मी झाडामागे थांबले. का थांबले सांगता येत नाही. माझ्या सासूचं थडगं, माझ्या घराचा मसणवटा, आणि चोरासारखी मी लपलेली.

ती उठली तेव्हा मी आधी नदीवर येऊन दगडावर बसले. मसणवट्यातून आलेल्याने अंगावर पाणी घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नसतं, ते तिला सांगावं म्हणून. ती आली, मला पाहून क्षणभर थबकली. मग उरल्यासुरल्या डबक्यात उतरून तिने ओंजळीने डोक्यावरून पाणी घेतलं. तीनदा. मी सांगायच्या आधीच. मी बाटली पुढे केली. ती प्यायली. आम्ही दोघी घरी आलो.

मातीत काय पुरलं ते मी विचारलं नाही.

आज दुपारी पावलं आली नाहीत.

१२ एप्रिल, मंगळवार

फ्रांकी दहा वाजता खताची पोती घेऊन आला. तो पोती उतरवत होता तेवढा वेळ आम्ही दोघी काठावर बसलो होतो. तिने पिशवी मांडीवर घेतली होती.

"मावशी, तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत," ती म्हणाली.

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस."

फ्रांकीची आठ पोती होती. सहावं उतरवलं तेव्हा मी विचारलं, "शेवटी त्रास झाला का त्याला?"

तिने मान खाली घातली. "फार नाही. फेब्रुवारीत खोकला धरला. चार मार्चला गेले. दुपारी."

"दुपारी."

"दुपारी त्यांना कधीच झोप नसायची. आमच्या चाळीत दोन खोल्यांच्या मध्ये बोळ आहे, त्यात येरझाऱ्या घालायचे. आई चिडायची, बसा म्हणायची. ते म्हणायचे, ओसरी मोजतोय."

मी नदीकडे बघत होते.

"तुझ्या आईला माहीत होतं? माझं?"

"नाही. शेवटच्या आठवड्यात त्यांनी सांगितलं. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही, मग बोलली. ते गेल्यावर तिनेच मला पाठवलं. म्हणाली, थडग्यावरची माती घेऊन जा, त्यांच्या आईजवळ ठेव, आणि त्या बाईला काही बोलू नकोस. आजी गेल्याचं बाबांना बाजारात इकडच्या कोणाकडून तरी कळलं होतं. आई म्हणाली, त्या बाईने खूप सोसलंय. मी काही बोलले नसते, मावशी. तुम्ही विचारलंत म्हणून."

"का आला नाही तो?"

"पहिली दोन वर्षं पैसे साठले नाहीत. रिकाम्या हाताने त्या शिडीवर कसा चढू, म्हणायचे. पुढे मी झाले. मग लाज वाटायला लागली म्हणायचे. जेवढी वर्षं जास्त, तेवढी लाज जास्त."

आठवं पोतं उतरलं. फ्रांकी ओरडला, "चल ग सर्कसवाली, पाणी आहे तोवर निघू."

तिने वाकून माझ्या हाताला कपाळ टेकवलं. मी हात काढून घेतला नाही. डोक्यावरून फिरवलाही नाही. होडी वळणाआड गेली तेव्हा वाटलं, शिदोरी द्यायची राहिली.

१३ एप्रिल, बुधवार

माझं वय बत्तीस होतं तो गेला तेव्हा. दोघांनी मागणी घातली होती, एक तर चांगला होता, वरच्या घरातला. मी म्हटलं, नवरा परत आला तर? त्या चांगल्याची सगळ्यात धाकटी पोरगी आज नर्स आहे.

ना धड विधवा, ना धड बायको. सणाला विधवांच्या रांगेत बसता येईना आणि नवरेवाल्यांत बसावं तर बायका गप्प व्हायच्या. लाज म्हणे. मला लाज वाटली नसेल?

टोपली विणणार नाही. हिंडू दे.

२० एप्रिल, बुधवार

पाऊस नाही. पाहुणे नाहीत.

दुपारी जागी राहते. कान देऊन बसते. ओसरी गप्प असते. कुत्रं आता एकाच जागी पडून राहतं, उठत नाही. ते हलत नाही याचीच मला भीती वाटते. महिनाभर मी घाबरत होते की कोण चालतंय. आता वाटतं, आला होता, माझ्या दाराशी रोज थांबत होता, आणि मी दार उघडून म्हणायची, कोणी नाही.

काल दुपारी मी स्वतः चालून पाहिलं. माझ्या दारापासून टोकापर्यंत. एकशे सत्तावीस पावलं झाली. जेनाऊ डोळे न उघडता म्हणाली, "आज हलकी पडतात. कोण आहे?"

म्हटलं, "मी आहे म्हातारे."

"हं," म्हणाली. "तो थोराड होता."

२४ एप्रिल, रविवार

मिरीच्या टेकडीवर गेले होते, तिथे मायांगचा फोन आला. ती खुशीत होती. त्या सबाच्या मुलीने इंटरनेटवर आमच्याबद्दल चांगलं लिहिलंय म्हणे.

"काय लिहिलंय?"

"घरच्यासारखं वाटलं, असं. आई, काय केलंस तू एवढं?"

"पेज दिली," म्हटलं.

"हेच. हेच बाकीच्यांनाही करत जा."

तिला सांगायचं म्हणून तोंड उघडलं होतं, तर तिच्या दुकानात गिऱ्हाईक आलं.

रात्रंदिवस एकच विचार डोक्यात आहे. तवाऊच्या त्या चाळीत एक बाई बसली असेल. बोळ रिकामा. बसा म्हणायला कोणी नाही. त्याच्या थडग्यावरची माती तिने उचलून माझ्या सासूजवळ पाठवली. मी असते तर पाठवली असती का? मी नसती पाठवली. मी ती उशाशी घेऊन झोपले असते.

३० एप्रिल, शनिवार

एम्पाली सकाळीच यादी घेऊन बसला. ओसरीवर सगळ्या बायका होत्या, वेत सोलायला. जेनाऊ सुपारी चघळत होती.

"बोल मिंदू. उंगात?"

"लिही. टोपली मी विणीन."

बायकांचे हात थांबले. एम्पालीने सावकाश नाव लिहिलं. "गेला कधी, काय लिहू? माहीत नाही असं?"

"चार मार्च. या वर्षी."

त्याने वर पाहिलं. "कोणी सांगितलं तुला?"

"त्याच्या लेकीने."

"मायांगला कसं कळलं?"

"मायांगने नाही."

कोणीतरी सुरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मला वाटलं होतं कुजबुज होईल, नंतर होईलच. पण तेव्हा जेनाऊच बोलली. "तरीच," ती म्हणाली, "लांजाचं नाक होतं तिला." आणि परत सुपारी चघळू लागली.

एम्पाली जुना माणूस. त्याने घसा खाकरला आणि पुढच्या रकान्यावर पेन ठेवलं. "टोपलीजवळ कोण उभं राहणार, ते लागतं. बायको मिंदू. मुलगी मायांग."

"मुली दोन. दुसरी नोएला."

त्याने लिहिलं. वही मिटायला लागला.

"थांब," मी म्हटलं. "खाली एक ओळ सोड."

"कशाला?"

"नोएलाच्या आईसाठी. तिलाही बोलवायचं आहे. तिचं नाव मी अजून विचारलेलं नाही."

एम्पाली माझ्याकडे बघत राहिला. "तू तिच्या शेजारी उभी राहशील?"

"ते तेव्हा बघू. ओळ सोड."

त्याने ओळ सोडली. मी वेताची जुडी उचलली आणि माझ्या दाराशी बसून सोलायला लागले. दोनदा बोट कापलं. तळाच्या तीन फेऱ्या झाल्या.

उन्हं उतरल्यावर मायांगला सांगायचं म्हणून मिरीच्या टेकडीवर गेले. फोन तिथेच लागतो. मायांगने पहिल्या घंटीलाच उचलला. पुढच्या आठवड्यात सात पाहुणे येणार, एक तर सिंगापूरहून वाढदिवस साजरा करायला येतोय, लांबघरात केक कापणार म्हणे, असं सांगताना तिला हसू आवरेना. सांगता सांगता तिला ठसका लागला.

तिचं हसणं संपेपर्यंत मी थांबले.